नजर ठरते कानात

राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, ११ जानेवारी १९७३ चा. वाढला बंगळुरात, खेळला कर्नाटकाकडून. पण इथल्या मराठी मंडळींनी त्याच्यावरचा हक्क सोडलेला नाही. सोडतील तरी कसे? सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींचं हे गाव. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक इथे आणला. अशा गावात पोराच्या हाती बॅट दिली की पाठोपाठ उपदेश येतोच : डोकं हलवू नकोस. द्रविडचं उदाहरण तर ठरलेलंच, चेंडू येताना त्याचं डोकं कसं खिळल्यासारखं असायचं ते.

हा उपदेश खरा किती, हे फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरे लावून तपासलं गेलं आहे. इंग्लंडमध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली दाखवलं, की फलंदाज चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवतच नाही. सुरुवातीचा क्षणभर तो चेंडू पाहतो, मग त्याची नजर टप्पा पडेल त्या जागी उडी मारून चेंडूची वाट बघत थांबते. २०१३ मध्ये डेव्हिड मॅन आणि सहकाऱ्यांनी अव्वल दर्जाचे आणि क्लबात खेळणारे फलंदाज समोरासमोर ठेवले. अव्वल फलंदाजांचं डोकं स्थिर नव्हतंच. ते चेंडूबरोबर, चेंडूच्या वेगाने, अगदी मोजून वळत होतं. डोकं डगमगत नाही म्हणून आपल्याला ते स्थिर वाटतं, इतकंच.

डोकं असं वळवून नजर चेंडूवर ठेवायची, तर फलंदाजाला स्वतःच्या कानाला गप्प बसवावं लागतं. कारण डोकं उजवीकडे वळलं की डोळे तेवढेच डावीकडे वळवायचे, ही कानाची जन्मजात खोड आहे. कान म्हणजे ऐकण्याचा नव्हे. त्याच्याच शेजारी, कानामागच्या हाडाच्या आत दडलेला तोल सांभाळणारा भाग.

त्याचं काम बघायला प्रयोगशाळा लागत नाही. हा अंक डोळ्यांसमोर धरा आणि डावी-उजवीकडे झपाझप हलवा. अक्षरं फरफटतील. आता अंक स्थिर ठेवा आणि ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तशी मान त्याच वेगाने हलवा. अक्षरं जागच्या जागी. दोन्ही वेळा डोकं आणि कागद यांच्यातली हालचाल सारखीच, पण दुसऱ्या खेपेला कान मदतीला असतो. डोळ्यांनी पाहून नजर दुरुस्त करायची तर मेंदूला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. कानाकडून आलेला निरोप डोळ्याच्या स्नायूपर्यंत शंभराव्या भागाच्या आसपास पोचतो, कारण वाटेत तीनच चेतापेशींची साखळी आहे. शरीरातल्या सर्वांत वेगवान प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक. फलंदाजाचा मेंदू ती हवी तेव्हा दाबून ठेवायला शिकतो, आणि त्याला वर्षानुवर्षं नेटमध्ये घाम गाळावा लागतो.

प्रत्येक कानात एकमेकींना साधारण काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोकं फिरतं, द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो, आणि त्याच्या रेट्याने आतल्या रोमपेशींचे केस वाकतात. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये चुनखडीचेच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म खडे चिकट थरावर बसलेले असतात. खाली कुठे आणि वर कुठे, हे ते सांगतात. डावा आणि उजवा कान सतत निरोप धाडत असतात आणि मेंदू दोन्हींतला फरक वाचतो. एक कान अचानक मुका झाला, तर बिछान्यावर निश्चल पडलेल्या माणसालाही आपण गरगरतोय असं वाटतं. डोळे त्या खोट्या फिरण्याच्या मागे एका बाजूला सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. म्हणून चक्कर आलेल्याची नाडी जरूर पाहावी, पण त्याचे डोळे त्याहून आधी.

हे उमगायला शंभर वर्षं गेली. फ्रान्समध्ये पिएर फ्लुरांसने १८२०च्या दशकात कबुतराची एकेक नलिका कापली, तर ते बहिरं न होता त्या त्या नलिकेच्या दिशेने मान फिरवत राहिलं. व्हिएन्नाचा रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान धूत असे. पाणी गार असलं की रुग्णांना गरगरे आणि डोळे एका बाजूला झटके खात. पाणी जास्त गरम झालं की झटके उलट्या बाजूला. त्याने ताडलं, की तापमानामुळे नलिकेतला द्रव वर-खाली होतोय. या कामासाठी त्याला १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा तो रशियनांच्या ताब्यातला युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केल्यावर १९१६ मध्ये सुटला. पुढे १९८३ साली अंतराळात, जिथे गरम-गार द्रव वर-खाली होऊच शकत नाही, तिथेही अंतराळवीरांच्या कानांवर हा प्रयोग झाला, आणि डोळ्यांचे झटके तरीही आले! म्हणजे बाराणीचं स्पष्टीकरण अपुरं होतं; चाचणी मात्र आजही चालते.

एक कान गेला तर मेंदू काही आठवड्यांत, महिन्यांत जुळवून घेतो. दोन्ही गेले तर? याचं सर्वांत नेमकं वर्णन एका डॉक्टरने स्वतःवरून लिहिलं आहे. त्याच्या गुडघ्याला क्षय झाला होता आणि उपचार म्हणून स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली गेली. १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याने लेख लिहिला, खाली सही फक्त ‘जे. सी.’. झोपून वाचायचं तर त्याला पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं अडकवून धरावं लागे, कारण नाडीच्या ठोक्याने डोक्याला बसणाऱ्या हादऱ्यानेही अक्षरं उडत. रस्त्याने चालताना समोरच्या पाट्या वाचता येत नसत, ओळखीचे चेहरे ओळखू येत नसत. थांबला की सगळं लख्ख. वैद्यकाच्या वाङ्मयात इतकं स्वच्छ, रडगाणं नसलेलं लेखन क्वचित सापडतं.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्समध्ये, सेल्मन वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झला सापडलं. क्षयावरचं ते पहिलं खरं औषध. मेयो क्लिनिकच्या हिनशॉ आणि फेल्डमन यांनी १९४५ मध्येच तोल जाण्याची नोंद केली होती. १९४८ च्या ब्रिटिश चाचणीतही औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना चक्कर आली. तरी औषध चालू राहिलं, आणि ते योग्यच होतं. फुप्फुसाचा क्षय झालेल्याला कानाची काळजी करण्याची चैन परवडत नव्हती.

आपल्याकडे या औषधाचा पत्ता पिंपरीचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आधी पेनिसिलिन आणि साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. परदेशी चलनाची चणचण असलेल्या देशात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज औषधाच्या दुकानात उभं राहून समजणार नाही. इंदुरात मनोरमाराजे टीबी हॉस्पिटल आहे, बोलीत ‘एमआरटीबी’. ज्या घरांत क्षय येऊन गेला, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनांचा कोर्स अजून आठवतो. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमातही, क्षय उलटलेल्या रुग्णाला पहिल्या दोन महिन्यांत गोळ्यांबरोबर स्ट्रेप्टोमायसिनची चोवीस इंजेक्शनं मिळत. ही पद्धत सोडून द्या, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दिला. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी आता मुख्यतः तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत.

त्याच घराण्यातलं जेंटामायसिन मात्र अजूनही वापरात आहे. स्वस्त आहे आणि रक्तातल्या जंतुसंसर्गात जीव वाचवतं. ही औषधं रोमपेशीच्या केसांवरच्या दारातूनच आत शिरतात आणि पेशी मारतात. कोंबडीच्या कानात नव्या रोमपेशी उगवतात, हे १९८०च्या दशकात सिद्ध झालं. माणसाच्या कानात कामापुरत्या उगवत नाहीत. कॅनामायसिन, अमिकासिन ऐकू येणं घालवतात, ते लगेच लक्षात येतं. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन तोलावर जास्त उठतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला तोल गेल्याचं कळतच नाही. दोन्ही कान सारखेच गेले तर गरगरत नाही, कारण फरक वाचायला उरतोच कुठे? घरी आल्यावर कळतं. अंधारात चालताना भिंत धरावी लागते. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून डोळे मिटले की माणूस पाटावरून कलंडतो. लोक म्हणतात, आजारपणाचा अशक्तपणा.

चक्करेचा आपल्याकडे सगळ्यांत मोठा घोटाळा हाच आहे. अशक्तपणा, पित्त, बीपी, मानेचे मणके, यांतलं काहीतरी एक ठरवून गोळी सुरू होते. प्रोक्लोरपेराझिनसारखी गोळी पहिल्या एक-दोन दिवसांच्या ओकाऱ्यांना ठीक. महिनोन्महिने घेतली तर मेंदूची जुळवून घेण्याची क्रिया मंदावते आणि म्हाताऱ्या माणसाचे हात कापायला लागतात. कुशीवर वळताना अर्धा-एक मिनिट जग फिरत असेल, तर बहुधा ते चुनखडीचे खडे जागा सोडून नलिकेत घुसलेले असतात. त्यांना औषध लागत नाही. अमेरिकेच्या जॉन एप्लीने सांगितलेल्या क्रमाने डोकं वळवलं की बहुतेकदा काही मिनिटांत खडे परत जातात.

तासन्‌तास थांबतच नाही अशा चक्करेची गोष्ट वेगळी. ती कानाची की मेंदूतल्या झटक्याची, म्हणजे स्ट्रोकची? सिडनीच्या हाल्माग्यी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये एक साधी चाचणी मांडली. रुग्णाने डॉक्टरच्या नाकाकडे बघायचं, डॉक्टरने त्याचं डोकं थोडंसं पण चटकन वळवायचं. कान शाबूत असेल तर नजर नाकावरून हलत नाही. कान गेला असेल तर डोळे डोक्याबरोबर जातात आणि उडी मारून परत येतात. गंमत अशी, की सतत गरगरणाऱ्या माणसात ही चाचणी बिघडलेली आली तर डॉक्टरला हायसं वाटतं आणि अगदी नॉर्मल आली तर धडकी भरते. कान ठीक असूनही जग फिरतंय, तर दोष मेंदूत असू शकतो. २००९ मध्ये अमेरिकेत होर्हे काटा, डेव्हिड न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सरावलेल्या हातांनी केलेल्या डोळ्यांच्या तीन चाचण्या पहिल्या दिवसांतल्या एमआरआयपेक्षा मेंदूतला झटका अधिक अचूक पकडतात. सरावलेले हात ही मुख्य अट, हेही सांगायला हवं. घरच्यांनी आजोबांची मान झटकून पाहू नये.

दोन्ही कान गेलेल्यांसाठी जॉन्स हॉपकिन्समध्ये एक यंत्र कानात बसवून पाहिलं गेलं. डोक्याची हालचाल मोजून ते थेट चेतातंतूंना विजेचे ठोके देतं. २०२१ मध्ये आठ जणांचे निष्कर्ष आले. उभं राहणं, चालणं सुधारलं. त्या कानाचं ऐकणं मात्र बहुतेकांचं कमी झालं. हे आपल्या वॉर्डापर्यंत पोचायला वेळ लागेल. तोवर मान हलवत एका अक्षराकडे बघण्याचे व्यायाम आहेत; ते कंटाळवाणे असतात, पण उपयोगी पडतात.

जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनांनी होणारं कानाचं नुकसान वेळीच पकडणं मात्र आजही महाग नाही. चष्म्याच्या दुकानात असतो तो अक्षरांचा तक्ता पुरतो. रुग्णाला आधी स्थिर बसून वाचायला लावायचं, मग कुणीतरी त्याचं डोकं सेकंदाला दोनदा अशा लयीत हळुवार डावी-उजवीकडे हलवत असताना. निरोगी माणसाची एखादी ओळ कमी होते. दोनांहून जास्त ओळी गळाल्या, तर इंजेक्शन पुढे चालवायचं की बदलायचं याचा विचार डॉक्टरने त्याच दिवशी करावा.