सांग्रियातली फळं खराब वाइन झाकत नाहीत

नाशिकला देशाची वाइन राजधानी म्हणतात, म्हणून जिल्ह्यात कुठेही चांगली सांग्रिया मिळेल, असं अनेकांना वाटतं. वाइनच्या द्राक्षांचे मळे मुख्यतः नाशिक, दिंडोरी, निफाडकडे आहेत. नांदगाव त्याच जिल्ह्यातलं, पण हा पट्टा कमी पावसाचा, कांदा-मक्याचा, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वाइनला १२ ते १५ अंशांचा गारवा मानवतो. वाइनरीत कितीही जपलेली बाटली परमिट रूमच्या फळीवर उन्हाळाभर उभी राहिली की आतली वाइन शिजते: बूच वर सरकतं, लाल रंग विटकरी होतो, ताज्या फळाचा वास जाऊन उकळलेल्या मुरंब्याचा येतो. म्हणून सांग्रिया मागवताना ब्रँडच्या आधी बाटली कुठे ठेवली होती, हे विचारावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की फळं, साखर, सोडा घातल्यावर वाइन कशी होती हे कुणाला कळतं? सांग्रिया म्हणजे उतरलेली वाइन खपवायची युक्ती, ही समजूत इथूनच येते. साखरेनं थोडा तुरटपणा झाकला जातो हे खरं, पण आंबलेल्या वाइनचा व्हिनेगरी वास मोसंबीच्या आंबटपणासोबत आणखी टोचतो. अर्थात महागडी बाटलीही नको. लाकडी पिंपात न मुरवलेली, ताजी, साधी वाइन पुरते. ती लालच हवी असंही नाही. सांग्रियाचं नाव स्पॅनिशमधल्या रक्तवाचक शब्दावरून आलं असलं, तरी पांढऱ्या वाइनची सांग्रिया स्पेनमध्येही करतात, आणि नाशिकची शेनिन ब्लाँ उन्हाळ्यात त्यासाठी फार छान. फोडी वाइनमध्ये काही तास फ्रिजमध्ये मुराव्यात, सोडा मात्र पेल्यात ओततानाच घालावा. जगमध्ये आधीच सोडा घालून ठेवलेली सांग्रिया मिळमिळीत लागते.

ती सरबतासारखी निरुपद्रवी असते, हेही खरं नाही. साडेबारा टक्क्यांची वाइन निम्म्याला निम्मी पातळ केली, तरी सव्वासहा टक्के अल्कोहोल उरतं, म्हणजे माइल्ड बिअरपेक्षा जास्त; ब्रँडी घातली तर आणखी. आणि गार लागली तरी ती उन्हाची तहान भागवत नाही. अल्कोहोलमुळे लघवी वाढून शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे शेजारी पाण्याचा तांब्या हवाच.

छोट्या गावात वाइनला गिऱ्हाईक कमी, मग इतकी उठाठेव कोण करणार, ही बारमालकांची अडचण खरी आहे. पण बिअरचा फ्रिज प्रत्येक बारमध्ये असतो. वाइनच्या ३७५ मिलीच्या बाटल्या मिळतात. त्यातल्या चार-सहा त्याच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या आणि फोडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवल्या, तर नांदगावातही सांग्रिया नीट जमते.