चेक इंजिनचा दिवा लागला? ओटू सेन्सर बदलण्याआधी फोन काढा

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली. २०१२ ची सेदान, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, कागदावर १६० पीएस. कॉलेजपासूनचं स्वप्न होतं त्याचं. दोन महिन्यांत ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीने ऐन वेळी झटके दिले. मागे मावशी बसली होती. त्या दिवसापासून चेक इंजिनचा दिवा पेटला तो विझेना.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. म्हणाला, "ओटू सेन्सर गेलाय, सोबत कॅट पण गेला असणार." एस्टिमेट ४६ हजार. मावसभाऊ एफडी मोडायला निघाला होता. त्याआधी सुदैवाने मला फोन केला, "दादा, एकदा बघून जा ना."

मी मेकॅनिक नाही. पण गाडीत काय चाललंय ते फोनवर वाचता येतं, एवढं मला माहीत होतं. स्टीअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. भारतात ओबीडी-२ हा प्रकार कारना एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला, पण त्याआधीच्या बऱ्याच युरोपीय गाड्यांतही तो असतो. त्यात लावायचा ब्लूटूथ डोंगल मला हजाराच्या आत मिळाला. अ‍ॅप फुकट. आयफोनवाल्यांनो, डोंगल घेताना आयफोनला चालतो का ते आधी बघा, साधे ब्लूटूथवाले त्याला जोडत नाहीत. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. बॅटरी खातो, शिवाय बहुतेकांचा पासवर्ड १२३४ असतो, म्हणजे शेजारच्या पार्किंगमधला कोणीही जोडू शकतो.

पी०१७१ म्हणजे नक्की काय?

त्याचा अर्थ एवढाच: मिश्रण 'लीन' आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कुठला पार्ट खराब आहे हे त्या कोडमध्ये लिहिलेलंच नसतं.

टपरीवरचा चहा घ्या. एक पोरगा आधणात किती पाणी गेलं ते मोजून सांगतो. दुसरा उकळणारा, तो त्या हिशेबाने साखर टाकतो. तिसरा शेवटी घोट घेऊन सांगतो, गोड की फिका. गाडीत पाणी मोजणारा म्हणजे एअर फ्लो सेन्सर, गॅरेजच्या भाषेत 'मॅफ'. एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसतो. त्यात एक बारीक गरम पट्टी असते. हवा वाहिली की ती थंड होते, आणि ती गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून हवेचं वजन कळतं, सेकंदाला इतके ग्रॅम. उकळणारा म्हणजे ईसीयू. घोट घेणारा म्हणजे एग्झॉस्टमधला ओटू सेन्सर, त्यालाच लॅम्बडा सेन्सर म्हणतात.

आता मोजणाऱ्याने बारा कप पाणी ओतून दहाच सांगितलं तर चहा फिका होणार. चाखणारा ओरडणार, "फिका आहे!" आणि आपण काय करतो? चाखणाऱ्यालाच कामावरून काढतो. पी०१७१ वर ओटू सेन्सर बदलणं बऱ्याचदा असंच असतं.

खरा आकडा: फ्युएल ट्रिम

अ‍ॅपमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन फ्युएल ट्रिम दिसतात. दोन्हींची बेरीज करा. बेरीज +१० आली म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा दहा टक्के जास्त पेट्रोल ओततोय. उणे आली तर कमी. पाचच्या आतबाहेर असेल तर सोडून द्या.

गंमत एका आकड्यात नाही, तो कुठल्या वेगाला किती बदलतो त्यात आहे. रविवारी सकाळी सहाला आम्ही ऐरोली पुलाच्या रस्त्यावर गेलो. तो चालवत होता, मी बाजूला बसून रेकॉर्ड करत होतो. (चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हे सांगायला नकोच.) उभ्या गाडीत +६. २५०० आरपीएमला +१२. ऐंशीच्या वेगाला +१९.

हवेचा पाइप कुठे फाटून बाहेरची हवा इंजिनात शिरत असती, तर उलटं दिसलं असतं. आयडलला आकडा मोठा आणि वेग वाढला की लहान, कारण जास्त हवेत ती गळती नगण्य होते. टर्बोच्या पुढे दाबाची हवा बाहेर गळत असती तर ट्रिम उणे गेला असता: मोजलेली हवा इंजिनात पोचलीच नाही, पेट्रोल मात्र पोचलं. आमचा आकडा वेगाबरोबर चढत होता. म्हणजे संशयित दोनच. मॅफ कमी मोजतोय, नाहीतर पेट्रोलचा दाब कमी पडतोय.

मग दुसऱ्या गिअरमध्ये ऐंशीच्या आत राहून एकदा पूर्ण ॲक्सिलरेटर. ढोबळ हिशेब असा की गाडीच्या पॉवरच्या ०.८ पट ग्रॅम हवा सेकंदाला दिसायला हवी. १६० ला साधारण १२८. आम्हाला दिसले ९६. पेट्रोलचा दाब कमी असता तर हवेचा आकडा असा पडला नसता.

ओटू सेन्सरची परीक्षा

तरी चाखणाऱ्यालाही तपासलं, कारण त्याची जीभही म्हातारपणी मंद होते. पुलावरून उतरताना गिअरमध्येच ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला. अशा वेळी ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि एग्झॉस्टमधून नुसती हवा जाते. धडधाकट सेन्सरने लगेच 'एकदम लीन' दाखवायला हवं. कॅटच्या मागचा सेन्सर ०.७ व्होल्टवरून ०.१ च्या खाली घसरायला हवा. आमचे दोन्ही सेकंद-दोन सेकंदांत घसरले. हळूहळू, ओढत ओढत घसरले असते तर सेन्सर थकला असं म्हटलं असतं, आणि तेव्हा बहुधा पी०१३३ हा कोडही येतो.

इथे एक चूक हमखास होते. साध्या ओटू सेन्सरचा आलेख ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचतो. पण अनेक टर्बो गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो. त्याचा आकडा लॅम्बडा १ च्या आसपास जवळजवळ स्थिर दिसतो. "आलेख नाचत नाही, सेन्सर मेला" असं म्हणून चांगला सेन्सर बदलणारे भेटलेत मला.

दुसरा साक्षीदार पेट्रोल पंपावर असतो: पीयूसी सेंटर. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल कारची चाचणी २५०० आरपीएमच्या आसपासही घेतात आणि पावतीवर लॅम्बडा येतो, ०.९७ ते १.०३ हवा. आपल्याकडे ती पावती फक्त ट्रॅफिक पोलिसाला दाखवायला असते, पण सव्वाशेच्या आसपास रुपयांत मिळणारी ही स्वतंत्र तपासणीच आहे. ओटू सेन्सर खोटं बोलत असता तर ईसीयूने त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल जास्त ओतलं असतं, लॅम्बडा घसरला असता आणि सीओ वाढला असता. आमच्या पावतीवर आलं १.०१. जीभ खरं बोलत होती.

मग दोष कुणाचा?

बॉनेट उघडलं. आधीच्या मालकाने पॉवर वाढवायला तेल लावायचा कापडी फिल्टर बसवला होता, आणि तेल सढळ हाताने लावलं होतं. ते तेल मॅफच्या पट्टीवर बसलं, त्यावर मुंबईची धूळ. पट्टीला जणू गोधडीच मिळाली. मग हवा लागूनही ती थंड होईना.

मॅफ क्लीनरच्या स्प्रेने धुतला. लक्षात ठेवा, खास मॅफचाच स्प्रे. कार्ब्युरेटरचा नको, इअरबड लावायचा नाही, पट्टीला बोटही नाही. इंजिन थंड, पूर्ण वाळू द्यायचं. ९६ चे ११० झाले, ऐंशीला ट्रिम +१९ वरून +१०. बरं झालं, पण पूर्ण नाही. बारा वर्षांचा सेन्सर धूळ काढली तरी तरुण होत नाही. मूळ पार्ट नंबरचाच नवा घेतला. अर्ध्या किमतीची हुबेहूब कॉपी मिळत होती, पण ज्याचं कामच मोजायचं आहे त्याची कॉपी मी घेणार नाही. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट ठेवला. कोड पुसला की तीही जाते. फिल्टर पुन्हा साधा कागदी. एकूण खर्च ९ हजारांच्या आत.

आता पूर्ण ॲक्सिलरेटरला १२५. ट्रिम मात्र आयडलला +५ आणि ऐंशीलाही +५, सपाट. माझ्या मते तो इथेनॉलचा हिशेब आहे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. म्हणून ई-२० ला प्रमाण साडेतेरावर येतं आणि ईसीयूला शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के, ई-१० पेक्षा चारेक टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, सगळ्या वेगांना सारखंच. जुन्या गाडीत असा सपाट +५ दिसला तर घाबरून सेन्सर विकत घेऊ नका.

कॅट जुनाच आहे, ओटू सेन्सरही. झटके बंद झालेत. मावसभाऊ अजून दर रविवारी ट्रिमचा स्क्रीनशॉट पाठवतो, मागच्या आठवड्यात +४.७ होता.