कार्ड, कर्ज आणि कायदा (भाग ५) : नोटीस आली, आता पुढे?

मागच्या भागात थकलेल्या कार्डावर व्याज कसं चढतं ते पाहिलं. थकबाकी ८०,००० रुपये आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असेल, तर एका महिन्याचं व्याज होतं २,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४ रुपये. असे काही महिने गेले की वसुलीचे फोन सुरू होतात आणि एक दिवस स्पीड पोस्टानं वकिलाचं पाकीट येतं. घरच्यांना कळू नये म्हणून अनेक जण ते न फोडताच कपाटात ठेवतात. कर्जदाराचं खरं नुकसान इथून सुरू होतं.

पाकीट फोडा. मजकूर साधारण असा असतो: ‘नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण रक्कम भरावी, अन्यथा आपणाविरुद्ध दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येईल.’ ही बँकेची मागणी आहे. अजून कोणत्याही न्यायाधीशानं काही ठरवलेलं नाही. ‘फौजदारी’ शब्दानं घाबरून जाऊ नका. निव्वळ बिल थकणं हा गुन्हा नाही. मात्र तुम्ही दिलेला धनादेश किंवा बँक खात्यातून वसुलीची दिलेली मंजुरी पैशाअभावी परत गेली असेल, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. असं काही घडलं असेल तर लगेच वकील गाठा.

यानंतर येणारे कागद वेगळे ओळखता आले पाहिजेत.

लोकअदालतीची नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. तुमच्या संमतीशिवाय तिथे निवाडा होत नाही, म्हणून जरूर जा. पण एकदा सही केली की तो निवाडा बंधनकारक होतो आणि त्यावर अपील नसतं. झेपेल तेवढ्याच रकमेवर सही करा.

लवादाची नोटीस हलक्यात घेऊ नका. लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते. बँकेनं एकतर्फी लवाद नेमला असेल तर पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्या. अशा नेमणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा पर्किन्स ईस्टमन निकाल आहे.

कोर्टाचं समन्स आलं तर तारीख सर्वात महत्त्वाची. नेहमीच्या दाव्यात लेखी कैफियत द्यायला ३० दिवस मिळतात. दावा ‘समरी सूट’ असेल तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. गैरहजर राहिलात तर बँकेचा आकडा जसाच्या तसा मंजूर होऊ शकतो. हुकूमनामा झाल्यावर पगारावर जप्ती येऊ शकते. तरीही कायद्यानं पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही.

आता उत्तराबद्दल. अशी वसुली करण्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते. मुदत संपण्याआधी तुम्ही सही करून देणं मान्य केलंत, तर मोजणी त्या तारखेपासून पुन्हा सुरू होते. त्यामुळे घाईघाईत ‘रक्कम मान्य आहे’ असं लिहून देऊ नका. आधी व्याज, दंड आणि खरेदी वेगवेगळी दाखवणारा खातेउतारा लेखी मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत मदत मिळते.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेनं सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीच्या फोनला मनाई केली आहे. धमकावणं, शेजाऱ्यांपुढे किंवा कचेरीत बदनामी करणं हेही नियमबाह्य आहे. फोनची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

घेतलेलं कर्ज फेडायचंच आहे. पण किती आणि कसं, हे ठरताना तुमची बाजू कागदावर असायला हवी. म्हणून या आठवड्यात एवढं करा: आलेले सगळे कागद तारखेनुसार लावा आणि प्रत्येकावर उत्तराची शेवटची तारीख लिहा.

(पुढील भागात : एकरकमी तडजोड कशी करावी, आणि ‘सेटल्ड’ शेऱ्याचा पुढच्या कर्जावर होणारा परिणाम)