ओझें, घाट आणि गिअर

गाडी भरलेली असली म्हणजे बैल हळू चालतात, आणि चढ लागला म्हणजे गाडीवान खालीं उतरून चाकास हात देतो. बैलाचा दम आपणांस दिसतो, म्हणून त्याची कींव येते. मोटारीचें एंजिन झांकणाखालीं असतें. त्याचा दम आपणांस दिसत नाहीं. म्हणूनच ओझें ओढणारी मोटार कोणत्या गिअरमध्यें चालवावी आणि तिचें इंधन कसें वाचवावें, याविषयीं पुष्कळ चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत. त्यांपैकीं एक तर प्राणावर बेतणारी आहे. यास्तव या विषयाचा थोडा विचार आपल्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यास निमित्त असें घडलें. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत, डेन्व्हर शहरीं, स्थायिक झाला आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या उन्हाळ्यांत आम्ही कांहीं दिवस त्याच्याकडे राहिलों. त्या देशांत पिकअप नांवाची मोटार फार प्रचारांत आहे. पुढें माणसांची बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा, असें तिचें रूप असतें. तिच्या मागच्या आंकड्यास ट्रेलर जोडून कोणी नाव नेतो, कोणी घोडे नेतो, तर कोणी चाकांवरचें लहानसें घरच नेतो. आमच्या यजमानाचा ट्रेलर या शेवटच्या प्रकारचा होता. माणसें व सामान धरून पिकअप आणि ट्रेलर यांचें एकूण वजन सुमारें ५ टन होतें. असा संसार घेऊन आम्ही एके दिवशीं सकाळीं रॉकी पर्वताकडे निघालों.

वाटेंत आम्हीं सहज विचारलें, “कां रे, या ट्रेलरामुळें पेट्रोल किती जास्त लागतें?” तो हंसून म्हणाला, “सर, एरवीं जितक्या पेट्रोलांत दोन मैल जातों, तितक्यांत आतां एकच मैल जातों असें समजा.”

हें ऐकून नवल वाटेल, परंतु हिशेब पाहिला तर त्यांत नवल कांहीं नाहीं. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीस मुख्यतः दोन विरोध होतात. एक, टायर दबून पुन्हा फुगतांना होणारा. हा वजनाच्या प्रमाणांत वाढतो. दुसरा, हवेचा, हा गाडीच्या तोंडाच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो. घरासारखा उभ्या भिंतींचा ट्रेलर म्हणजे हवेंत ढकलीत नेलेली भिंतच होय. म्हणून सपाटीवर ट्रेलर नेणाऱ्याचा मोठा शत्रु वजन नसून वेग आहे. ताशीं १०० किलोमीटरांऐवजीं ८० किलोमीटर वेग ठेविला, तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होतो. इंधन वाचविण्याचा याहून सोपा उपाय नाहीं, आणि त्यास एक पैसाही पडत नाहीं. टायरांत योग्य दाबाची हवा भरणें आणि नको असलेलें सामान घरीं ठेवणें, हे याच्या खालोखालचे उपाय होत.

चढ लागला कीं तिसरा आणि सर्वांत बलवान विरोध पुढें येतो. तो म्हणजे पृथ्वीचें आकर्षण. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथून पश्चिमेस जाणारा इंटरस्टेट ७० हा महामार्ग सुमारें ९५ किलोमीटर अंतरावर आयझेनहॉवर बोगद्यांत शिरतो. इ. स. १९७३ मध्यें खुला झालेला हा बोगदा सुमारें ३,४०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे या प्रवासांत ५ टन ओझें सुमारें १,७५० मीटर उचलावें लागतें. गणित केलें तर, पेट्रोलाच्या उष्णतेचा सुमारें चौथा हिस्सा किंवा त्याहून किंचित् अधिकच एंजिनाच्या उपयोगीं पडतो हें धरून, नुसत्या या उचलण्यासच ९ ते १० लिटर पेट्रोल लागतें. चालक कितीही कुशल असो, हें देणें त्यास चुकवितां येत नाहीं. त्याच्या हातीं इतकेंच आहे कीं, हें देणें शांतपणें द्यावें कीं एंजिनास छळून द्यावें.

येथेंच गिअरचा प्रश्न येतो. ज्या विद्यार्थ्यांनीं गिअरची सायकल चालविली आहे त्यांस हें लवकर समजेल. चढावर मोठा गिअर ठेविला तर पाय हळू फिरतात, पण प्रत्येक फेरा मारतांना गुडघे दुखूं लागतात. लहान गिअर घातला तर पाय भरभर फिरतात, आणि प्रत्येक फेरा हलका जातो. एंजिनाचेंही तसेंच आहे. वरच्या गिअरमध्यें तें हळू फिरतें. खालच्या गिअरमध्यें भरभर फिरतें आणि चाकांस अधिक जोर मिळतो.

सपाट रस्त्यावर, हलक्या गाडीस, वरचा गिअर काटकसरीचा असतो ही गोष्ट खरी. एंजिनाचे फेरे कमी झाले कीं त्याच्या अंगच्या घर्षणांत जाणारी शक्ति वांचते. पण हाच नियम डोळे मिटून चढावर लावला तर घात होतो. वरच्या गिअरमध्यें एंजिन धापा टाकूं लागतें, चालक पेट्रोलाचें पॅडल तळापर्यंत दाबतो, तरी वेग उतरतच जातो. अशा वेळीं कित्येक पेट्रोल एंजिनांत आंतील भाग फार तापूं नयेत म्हणून हवेच्या मानानें अधिक पेट्रोल सोडलें जातें. तें पुरतें जळत नाहीं, वाया जातें. शिवाय पंप व पंखा एंजिनाबरोबर फिरत असले तर हळू फिरणाऱ्या एंजिनास थंडावाही कमी मिळतो. म्हणून चढावर गिअर उतरविणें म्हणजे उधळपट्टी नव्हे. एंजिनाचा आवाज मोठा होतो, पण आवाज म्हणजे खर्च नव्हे.

आमच्या यजमानाच्या पिकअपचे गिअर आपोआप बदलणारे होते. अशा गाडींतही चालकास लक्ष ठेवावें लागतें. चढउतारांच्या रस्त्यावर जड ट्रेलर असला म्हणजे यंत्र वरचा गिअर घालतें, तो झेपत नाहीं म्हणून उतरवितें, आणि लगेच पुन्हा चढवितें. या धरसोडीनें गिअरपेटींतील तेल तापतें, आणि तेल तापणें हें त्या पेटीच्या नाशाचें मुख्य कारण होय. यासाठीं ओझें ओढतांना दाबण्याचें एक निराळें बटन पुष्कळ पिकअपांत दिलेलें असतें. तें दाबलें कीं यंत्र वरचा गिअर घालण्याची घाई करीत नाहीं.

चढावरचा वेगही विचारपूर्वक ठरवावा. शंभरांत सात असा चढ घ्या. म्हणजे १०० मीटर गेल्यावर ७ मीटर वर. आमच्यासारखा ५ टनांचा भार अशा चढावर ताशीं ८० किलोमीटर वेगानें नेण्यास सुमारें १४० अश्वशक्ति लागते. ६० किलोमीटर वेगानें सुमारें १०० पुरते. त्यांतून उंचीवर हवा विरळ असते. बोगद्याजवळ ती समुद्रकांठच्या हवेच्या सुमारें सात-दशांश इतकीच दाट आहे, आणि साध्या एंजिनाची शक्तिही त्याच मानानें घटते. म्हणून आमचा यजमान उजवीकडच्या मंद वाहनांच्या ओळींत शांतपणें चालला होता. मागून येणाऱ्या गाड्या पुढें निघून जात होत्या, पण त्याची त्यास खंत दिसली नाहीं.

बोगदा ओलांडून आम्ही पलीकडे निघालों, तों त्यानें प्रथम वेग कमी केला आणि मग गिअर आणखी एक पायरी खालीं आणला. आमच्या चेहऱ्यावरील प्रश्न पाहून तो म्हणाला, “सर, हा धडा मीं येथेंच शिकलों, आणि फार महाग पडणार होता.”

पहिल्याच वर्षीं या उतारावर त्यानें गाडी न्यूट्रलमध्यें घातली होती. लहानपणीं बोरघाट उतरतांना घरच्या ड्रायव्हरास त्यानें असेंच करतांना पाहिलें होतें. “घाट फुकट उतरतो, पेट्रोल कशास जाळावें?” असें तो ड्रायव्हर म्हणे, आणि मुलास तें शहाणपण वाटे. कोलोरॅडोंत मागें अडीच टनांचा ट्रेलर होता. तीन-चार मैलांतच जळका वास येऊं लागला, ब्रेकचें पॅडल मऊ लागूं लागलें, आणि मागच्या आसनावर त्याची दोन मुलें निजलेलीं होतीं. रस्ता जरा सपाट झाला म्हणून गाडी कशीबशी कडेस थांबली. खालीं उतरून पाहतो तों चाकांतून धूर निघत होता. “त्या दिवशीं मीं किती पेट्रोल वांचविलें असेल, सर?” असें त्यानें विचारलें, आणि उत्तराची वाट न पाहतां तो पुढें रस्त्याकडे पाहूं लागला.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे कीं, त्यानें कांहींच वांचविलें नाहीं. हल्लींच्या एंजिनांत, गाडी गिअरमध्यें असतां उतारावर पॅडलवरून पाय काढला, कीं इंधनाचा पुरवठा बहुधा पूर्ण बंद होतो. चाकेंच एंजिनास फिरवीत राहतात. न्यूट्रलमध्यें मात्र एंजिन बंद पडूं नये म्हणून त्यास थोडें इंधन सतत द्यावेंच लागतें. म्हणजे जेथें खर्च शून्य होता तेथें हा शहाणा खर्च करूं लागतो, आणि वर एंजिनाचा आवरही गमावतो!

हा आवर केवढा मोलाचा आहे तें पाहा. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न गांवापर्यंतच्या सुमारें १३ किलोमीटरांत रस्ता ७०० मीटर खालीं येतो. तितक्या उतारांत ५ टनांचा भार जी शक्ति मोकळी करितो, तिची सर्व उष्णता केली तर सुमारें १०० लिटर थंड पाणी उकळीस येईल. हवा व टायर यांचा विरोध तिचा कांहीं भाग खातो. उरलेला कोणीतरी सोसलाच पाहिजे. खालच्या गिअरमध्यें तो बराचसा एंजिन सोसतें. न्यूट्रलमध्यें तो सारा ब्रेकांवर पडतो. ब्रेक अति तापले कीं त्यांची पकड सुटते; नळ्यांतील द्रव उकळून त्याची वाफ झाली तर पॅडल नुसतेंच तळास जातें. म्हणूनच त्या उतारावर, ब्रेक गेलेल्या मालमोटारींसाठीं रस्त्याच्या कडेस जाड खडीच्या चढत्या वाटा बांधून ठेविल्या आहेत. त्या वाटांजवळून जातांना आमच्या गाडींत कोणी बोललें नाहीं.

आपल्याकडे चाकांवरचीं घरें फारशीं नाहींत. परंतु उंसानें भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत, मालमोटारी आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या मधला बोरघाटही आहे. त्या घाटांत डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची खोड अद्याप गेलेली नाहीं, आणि तिच्यामुळें प्राणही गेले आहेत. डिझेल एंजिनाचा स्वाभाविक आवर पेट्रोल एंजिनापेक्षां कमी असल्यामुळें तेथें तर खालचा गिअर अधिकच अगत्याचा. जुने चालक एक नियम सांगत आले आहेत: ज्या गिअरनें चढाल त्याच गिअरनें उतरा. नव्या गाड्यांस एखादे वेळीं याहूनही खालचा गिअर लागतो. गिअर उतार सुरू होण्यापूर्वींच घालावा. ब्रेक सतत दाबून धरूं नये; वेग वाढूं लागला म्हणजे घट्ट दाबून तो उतरवावा आणि मग ब्रेक मोकळा सोडावा.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक उद्यां स्वतः मोटार चालवितील, आणि त्यांच्या पालकांपैकीं कित्येक आजच चालवीत असतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, काटकसर अवश्य करावी. ती सपाटीवर वेग आवरून करावी, टायरांची हवा पाहून करावी, अनावश्यक ओझें टाकून करावी. उतारावर मात्र ती करूं नये. आमचे यजमान त्या दिवशीं सायंकाळीं तळ्याकांठीं पोहोंचल्यावर प्रथम ट्रेलराच्या चाकांजवळ गेले आणि प्रत्येकाजवळ हात धरून ऊन पाहूं लागले. धाकटा मुलगाही त्यांच्यामागून तसाच हात धरून चालला होता.