कुस्कोचा बाजार

एकादशीच्या दिवशीं आपल्या घरांत फराळाचें जें ताट वाढलें जातें, त्याकडे आज जरा भूगोलाच्या दृष्टीनें पाहूं. बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, आणि या सगळ्यांत पडणारी मिरची. या साऱ्यांचें मूळ माहेर अमेरिका खंड आहे. साबुदाणासुद्धां आपल्याकडे आज ज्या कंदापासून करतात, तो कंद तिकडचाच. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोहोंचला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून यांतील बहुतेक जिनसा आपल्या किनाऱ्याला लागल्या. ताटांतील धान्यांत अस्सल आपली म्हणावी ती एक वरी. आमच्या आजीला हें सांगितलें असतें तर तिनें तो सगळा उपवासच मोडीत काढला असता. पण तो वाद आज नको. आज त्या माहेरच्या एका बाजाराची ओळख करून द्यावयाची आहे.

हा बाजार दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, आंदीज पर्वतावर, कुस्को या शहरांत भरतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ३,४०० मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवावी, आणि वर आणखी शंभर मीटर चढावें, तेव्हां तेथील भाजी विकणारी बाई भेटावयाची! इंका सम्राटांची ही राजधानी. स्पॅनिश लोकांनीं १५३३ सालीं ती घेतली व इंकांच्या वाड्यांच्या भिंतींवर आपलीं घरें व देवळें चढविलीं. ता. २१ मे १९५० रोजीं मोठा भूकंप झाला, तेव्हां वरचें स्पॅनिश बांधकाम ठिकठिकाणीं कोसळलें. खालच्या, चुन्यावांचून नुसत्या घडीव दगडांच्या इंका भिंती मात्र बहुतांशीं जागच्या जागीं राहिल्या. शहर पाहावयास येणारे लोक या भिंतींपुढें तासन्‌तास उभे राहतात, तें योग्यच आहे. परंतु माझें मत विचाराल तर इंकांचें खरें शहाणपण भिंतींत जितकें आहे, त्याहून अधिक बाजारांतील गोणींत आहे.

बाजाराचें नांव सान पेद्रो. शेजारीं त्याच नांवाचें चर्च आहे व समोर त्याच नांवाचें रेल्वे स्टेशन. पूर्वीं उघड्या चौकांत भरणारा हा व्यवहार १९२५ सालीं लोखंडी खांबांच्या व पत्र्याच्या मोठ्या मंडईंत आला. आंत शिरल्यावर एका ओळींत फळांचा रस काढणाऱ्या बायका, एका ओळींत पाव, पुढें चीज, मग मांस, मग फुलें, मग कढत सुपाच्या बांकड्या. एका कोपऱ्यांत औषधी मुळ्या, आणि धरित्रीमातेच्या पूजेचें साहित्य. तिला ते पाचामामा म्हणतात. ऑगस्ट महिन्यांत तिची मोठी पूजा असते. त्या साहित्यांत लामा या जनावराचे वाळविलेले गर्भ टांगलेले दिसतात. ज्यांना सोसत नसेल त्यांनीं तिकडे पाहूं नये.

या बाजारांत इतका विविध माल येतो कसा, हें समजावयास थोडा भूगोल हवा. विषुववृत्ताच्या उत्तरेस जितकी चेन्नई, दक्षिणेस जवळजवळ तितकेंच कुस्को. म्हणजे देश उष्ण कटिबंधांतला; पण डोंगर आकाशाला भिडलेला. अशा ठिकाणीं हवामान ऋतूवर ठरण्यापेक्षां उंचीवर ठरतें. पूर्वेकडील खालच्या जंगली उतारावर कोको, कॉफी, केळीं व कोकाचीं पानें होतात. उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यांत मका पिकतो; त्याचे पांढरे दाणे आपल्या वालापापडीच्या दाण्यांहूनहि मोठे. त्याच्या वर किन्वा आणि बटाटा. त्याहूनहि वर, ४,००० मीटरच्या पलीकडे, केवळ गवत, लामा आणि अल्पाका. जॉन मुर्रा या मानववंशशास्त्रज्ञानें १९७२ सालीं असें दाखवून दिलें कीं, आंदीजमधील एकेक जमात आपलीं कांहीं माणसें प्रत्येक उंचीवर वसवीत असे आणि माल आपसांत फिरवीत असे. इंकांजवळ नाणें नव्हतें. त्यांच्याजवळ होतीं डोंगराच्या वाऱ्याच्या बाजूस बांधलेलीं सरकारी कोठारें, आणि होती ‘आय्नी’. आय्नी म्हणजे आपल्या खेड्यांतील इर्जीकच म्हणा ना! आज मी तुझ्या शेतावर, उद्यां तूं माझ्या.

परंतु कोठार भरावयाचें तर माल टिकला पाहिजे, आणि बटाटा तर नासका. येथें मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तु सांगतों. गोणींत काळ्या, सुरकुतलेल्या, लहान दगडांसारख्या गोळ्या असतात. हातांत घेतल्या तर सुपारीहून हलक्या. हा ‘चुन्यो’, म्हणजे बटाट्याचें वाळवण. आपण वाळवण करतों तें उन्हाच्या जोरावर. यांचें वाळवण होतें थंडीच्या जोरावर. तिकडे जून-जुलै हा कडक थंडीचा व कोरडा काळ. त्या दिवसांत उंच माळावर बटाटे पसरून ठेवतात. रात्रीं दंव पडून ते गोठतात, दिवसां उन्हानें वितळतात. असें कांहीं रात्री झालें कीं आंतील पेशी फुटून बटाटा मऊ पडतो. मग घरचीं माणसें अनवाणी पायांनीं त्यांवर नाचतात, तों पाणी निथळून जातें. पुढें उन्हांत खडखडीत वाळविले म्हणजे चुन्यो तयार. दुसरा प्रकार पांढरा. त्यास कुस्कोकडे ‘मोराया’ म्हणतात. तो गोठविल्यावर कित्येक दिवस वाहत्या पाण्यांत ठेवतात, मग सोलून वाळवितात. अतिउंचीवर टिकाव धरणाऱ्या कांहीं जातींचे बटाटे मुळांत इतके कडू व अपायकारक असतात कीं, उकडून खातां येत नाहींत. गोठवण, तुडवण व धुवण यांनीं त्यांचा तो कडूपणा निघून जातो, आणि वजनहि पांचांस एक इतकें उरतें. असा माल वर्षानुवर्षें राहतो.

ही युक्ति किती मोठी, हें स्पॅनिश लोकांनीं लवकरच ओळखलें. १५४५ सालीं पोतोसीच्या डोंगरांत चांदी सांपडली. तेथें राबणाऱ्या मजुरांचें पोट या चुन्योवर चाले, आणि तो पोतोसीस नेऊन विकणारे कित्येक स्पॅनिश श्रीमंत होऊन घरीं परतले, असें सिएसा दे लेओन या बखरकारानें १५५३ सालच्या ग्रंथांत नमूद केलें आहे. त्या अमेरिकन चांदीचा कांहीं भाग युरोपांतून फिरत फिरत सुरतेस येई व टांकसाळींत वितळून त्याचे रुपये पडत. बखरींतून सुरतेच्या लुटीचीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों. त्या शहराच्या पेट्यांत साठलेली चांदी कोणत्या डोंगरांतून आली व कोणत्या बटाट्यावर खणली गेली, हें मात्र शाळेंत शिकविलें जात नाहीं.

आतां नांवाची एक गंमत. त्या लोकांच्या केचुआ भाषेंत बटाट्यास ‘पापा’ म्हणतात. ‘बटाटा’ हें नांव मूळचें कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचें! युरोपांत दोन्ही कंद पोहोंचले, नांवांचा घोटाळा झाला, आणि पोर्तुगीजांनीं आपल्याला दुसऱ्याचेंच नांव दिलें. तेव्हां आपली मराठी गृहिणी रताळ्याच्या नांवानें बटाटे विकत घेत असते. बाजारांत ‘पापा’ मागितलात तर पुढचा प्रश्न येतो, कोणती? जांभळी, पिवळी, तांबडी, वेलदोड्यांच्या लांबट बोंडासारखी, गांठाळलेली. आंदीजमध्यें बटाट्याच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत. आपण सगळें आयुष्य दोन-तीन जातींत काढतों.

भाव करण्याची रीत मात्र आपल्या ओळखीची निघते. विकणारी घेणाऱ्याला ‘कासेरा’ किंवा ‘कासेरिता’ म्हणते, आणि घेणाराहि तिला तेंच म्हणतो. नेहमींचें गिऱ्हाईक आणि नेहमींची विकणारी, या दोघांना एकच शब्द आहे, हें मला फार आवडलें. हिशेब झाल्यावर ‘यापा’ मागावयाची. आपण कोथिंबिरीच्या चार काड्या वर मागतों, तसें. रसवालीकडे पेला संपला कीं भांड्यांत उरलेला रस ती पुन्हां पेल्यांत ओतते, ती यापा. परका प्रवासी ती मागत नाहीं, आणि बाईला तो शहाणा वाटत नाहीं.

परंतु या मंडईची दुसरी बाजूहि आहे. प्रवासी वाढले तसे कांहीं गाळ्यांतून बटाट्याऐवजीं लोकरी टोप्या व चावीच्या साखळ्या आल्या. उलट, ज्या खेड्यांतील बायका पहांटे पाठीवर रंगीत वस्त्राच्या गांठोड्यांत माल बांधून येतात, त्यांना आंत गाळा नसतो. त्या बाहेर फुटपाथवर बसतात. नगरपालिकेचे शिपाई आले कीं गांठोडें उचलून पळतात. केचुआ भाषेला पेरूनें १९७५ सालीं राजभाषेचा दर्जा दिला; शिपायापुढें त्या बाईला त्याचा फारसा उपयोग होत असेल, असें वाटत नाहीं. आणि दुर्मिळ जातींचे बटाटे, कडू मोराया, तार्वी नांवाचें पाण्यांत भिजवून कडूपणा काढावा लागणारें कडधान्य, हें सर्व मुख्यतः तिच्याच गांठोड्यांतून येतें.

तिच्या शेतावर संकट वेगळेंच आहे. हवा तापत चालल्यामुळें बटाट्याचें शेत वर वर सरकत आहे. चुन्योला तर कडक दंवच हवें. तें नीट पडलें नाहीं, तर पसरलेला बटाटा वाळत नाहीं, कुजतो. डोंगराला शिखर असतें, तेथपर्यंतच सरकतां येतें. कुस्कोजवळील पिसाक येथील शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन बटाट्याच्या जातींचें राखीव क्षेत्र केलें आहे, आणि लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशीं २००४ सालीं करार करून, खेड्यांतून नाहींशा झालेल्या जुन्या जाती केंद्राच्या संग्रहांतून परत आणून पुन्हां लावल्या आहेत. पेढींत ठेवलेला दागिना सणाला घरीं आणावा, तसा हा प्रकार आहे.

कोणास जाण्याचा योग आलाच, तर सकाळीं लवकर जावें. दुपारनंतर चांगला माल उरत नाहीं. पहिल्या दिवशीं भरभर चालूं नये, विरळ हवेनें धाप लागते. शाकाहारी माणसाला उकडलेलें मक्याचें कणीस व चीजचा तुकडा मिळतो. सूप घेतांना मात्र विचारावें, कारण भाज्यांच्या सुपाचेंहि पाणी पुष्कळदां मांसाचें असतें. रोकोतो नांवाची मिरची ढोबळी मिरचीसारखी दिसते, म्हणून फसूं नये. ती आपल्या लवंगीची मोठी बहीण आहे. धाप लागल्यास कोकाच्या पानांचा चहा देतात; तो तेथें सर्रास पितात व त्यांत गैर कांहीं नाहीं. पण तीं पानें पिशवींत घालून इकडे आणूं नयेत, आपल्या कायद्यानें त्यास बंदी आहे. आणावयाचाच असेल तर पांढऱ्या मक्याचा भाजलेला, मीठ लावलेला पुडा आणावा. मी आणला होता. तो कुस्कोच्या हवेंत फार कुरकुरीत होता, मुंबईच्या पावसाळ्यांत दोन दिवसांत मऊ झाला, तरी नातवंडांनीं संपविला.