दे शंभर, होईन दुप्पट!

दोन मित्र बोलत आहेत. पहिला म्हणतो, "तू मला शंभर नाणी दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन." दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट होतो." तर प्रत्येकाकडे किती?

हे कोडे बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातले. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ उभारला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.) वर्गात मी हे कोडे घातले की मुले अंदाज बांधू लागत. एक म्हणे, शंभर आणि दोनशे. पहिले वाक्य जुळतेही! दुसरे मात्र फसते. दुसरा म्हणे, वीस आणि एकशे साठ. पुन्हा तेच. एकच अट पाळणाऱ्या जोड्या हव्या तितक्या सापडतात. त्यांतली दुसरी अटही पाळणारी कोणती, हा खरा प्रश्न.

आता पाहा. शंभर दिल्यावर दुसऱ्याकडे जे उरेल त्याला 'य' म्हणू. मग पहिल्याकडे २य झाले. ही देवघेव उलटी फिरवा. मुळात दुसऱ्याकडे य + १०० होते आणि पहिल्याकडे २य − १००. भास्कराचार्यांनीही रकमा अशाच मांडल्या. यातली खुबी अशी की पहिली अट या मांडणीतच मुरली, आणि दोन अज्ञातांच्या जागी एकच उरले. आता दुसरे वाक्य. पहिल्याने दहा दिले, त्याच्याकडे २य − ११० राहिले. दुसऱ्याकडे य + ११० झाले. हे त्याच्या सहापट, म्हणजे १२य − ६६० = य + ११०. यावरून ११य = ७७०, य = ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०.

शाळेत हेच जरा वेगळ्या वाटेने करतात. दोन रकमा क आणि ख. पहिल्या अटीवरून क = २ख − ३००. ही किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवायची. दुसऱ्याच! पुष्कळ मुले ती पहिल्यातच ठेवतात, हाती 'शून्य बरोबर शून्य' येते आणि "मला गणित येत नाही" म्हणून वही मिटतात. मला याचेच वाईट वाटते, कारण आकडेमोड अगदी बरोबर असते. ज्या वाक्यातून क काढला, त्यालाच पुन्हा विचारले तर ते नवे काय सांगणार? बाकी काळजी फक्त कंसाची: सहाने गुणताना आतल्या प्रत्येक पदाला गुणायचे.

आणि ताळा मूळ वाक्यांशीच पाहावा. १४० हे ७० च्या दुप्पट, १८० हे ३० च्या सहापट.

दुसरा मित्र सहापटीऐवजी तिप्पट म्हणाला असता तर? कागद-पेन्सिल घ्या. ७६ आणि १८८ यायला हवेत.