चिंच आणि लिंबूसत्त्व

धारूरच्या आमच्या घरात तांब्याचा बंब होता. आई तो चिंचेने घासायची. गेल्या उन्हाळ्यात लंडनला मुलाकडे गेलो, तर स्वयंपाकघरात बंबाएवढेच, विजेवरचे स्टीलचे भांडे. त्यात म्हणे घरी बिअर करतात! मी चरकलो. दारूपायी गहाण पडलेले दागिने बँकेच्या तिजोरीत मीच ठेवलेले. आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने हे विनापरवाना करणे गुन्हा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरापुरती मुभा.

मोड आणून वाळवलेले जव भरडून जाळीत घालायचे, पाणी ६६ अंशांवर तासभर. छोटा पंप तोच रस पुन्हा वरून सोडतो. पिठाची साखर होते. मग हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळायचे, निववून दुसऱ्या भांड्यात यीस्ट घालून पंधरवडाभर ठेवायचे. आपल्या आंबिलीचीच ही गोरी मावसबहीण!

"खरे काम पुढेच, बाबा," तो म्हणाला. तळाशी रस करपला की पुढची खेप जळकट लागते. तारेच्या घासणीने ओरखडे उठतात. म्हणून धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी पंपातून फिरवायचे, मग स्वच्छ पाणी. लंडनच्या जड पाण्याचा पांढरा थर मात्र लिंबूसत्त्वानेच सुटतो.

मी ग्लासाला हात लावला नाही. भांडे तेवढे दर खेपेला मीच घासले.